मधल्या मशीनमधली पत्रं

महाड
१२ ऑगस्ट २००४

मुदस्सर,

खुशालीचं शेवटी लिहीन, आधी कामाचं. मोठ्या भावजयीचं पत्र असं सुरू होऊ नये, पण तू माझा एकुलता दीर, समजून घेशील.

तुझ्या भावाला, हैदरला, जाऊन सात महिने झाले. नवऱ्यामागच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस मी घरात बसून त्याची लिनक्सची पुस्तकं वाचली. मांडीवर डिक्शनरी, हातात पेन्सिल. दहावीला अडकलेल्या बाईला येतं तेवढं इंग्रजी मला येत होतं, आता थोडं जास्त येतं. तेवढे दिवस सायबर कॅफेचं दुकान हर्षदने चालवलं. पोलादपूरला कॉम्प्युटरचा क्लास घेतो तो; तू ओळखतोस. मे महिन्याच्या शेवटी मी पुन्हा खुर्चीत बसले.

शुक्रवारची बायकांची वेळ मी बंद केलेली नाही. पुरुष नमाजला गेले की शटर अर्धं खाली ओढायचं आणि दीड तास फक्त बायका. कोणाचा नवरा कुवेतला, कोणाचा मुलगा तुमच्या शारजात. त्या सांगतात, मी ईमेल टाइप करते. हैदरचीच कल्पना ही. बाईने सांगितलेलं बाईपाशीच राहतं, या भरवशावर त्या येतात.

आता ऐक. सोहेलची बायको अमरीन, नाते गावची, जुलैत तिने मुंबईच्या बहिणीला पत्र सांगितलं. दहा दिवसांत सोहेलचा शारजाहून आईला फोन आला, "तुझी सून एसटी स्टँडवर कोणा मास्तरला भेटायला जाते." अमरीनला माहेरी पाठवलं. अडीच वर्षांची अलीशबा इथेच ठेवून घेतली. पोर दारात उभी असते. मला पाहिलं की विचारते, "अम्मी?"

सगळ्या महाडचा हिशेब सोपा आहे. पत्रात काय होतं ते दोघींना ठाऊक, एक सांगणारी आणि एक टाइप करणारी. अमरीनलाही तसंच वाटतं. आणि मास्तर कोण, कशासाठी, हे मी सांगू शकत नाही. सांगितलं तर पत्रातलं बाहेर सांगणारी मीच, हे माझ्याच तोंडून ठरतं.

मी कोणाला सांगितलेलं नाही.

दोन कामं कर. सोहेल तिकडे तुमच्याच गावकऱ्यांच्या जमातीत बसतो, त्याला विचार हे त्याला कोणी सांगितलं. आणि दुसरं मशीनचं. चारही मशिनी ज्याच्यातून बाहेर जातात ते मधलं मशीन, सर्व्हर, तू बसवलंस. हल्ली शेवटचं गिऱ्हाईक उठून गेल्यावरही मोडेमचा दिवा पाच-सात मिनिटं लुकलुकत राहतो. आत कोणी शिरलं असेल तर ते कसं ओळखायचं?

ईमेल न करता कागदावर लिहिते, कारण दुकानात बसून लिहायचा धीर होत नाही.

मी बरी आहे. तू जप.

सकिना


महाड
९ सप्टेंबर २००४

मुदस्सर,

तुझा फोन आला ते बरं झालं. तू सांगितलेल्या तीनही आज्ञा मी मशीनला दिल्या. पहिलीने फाइलींची यादी दाखवली, दुसरीने चालू असलेले प्रोग्रॅम, तिसरीने लाइनवर कोण जोडलेलं आहे ते. तिन्हींत वावगं काही नाही. दिवा अपडेटसाठी लुकलुकतो असं तू म्हणालास, ते मी मान्य केलं.

सोहेल नाव सांगत नाही म्हणालास. ठीक.

मग तू विचारलंस, "भाभी, पासवर्ड अजून कोणाकडे आहे?" मी म्हटलं, हर्षदकडे. तू म्हणालास, "मग बघा बाबा. परका माणूस तो परकाच."

मी गेल्या आठवड्यात मंगळवारी हर्षदला बोलावलं. दोन गिऱ्हाइकं बसलेली असताना विचारलं, त्यांच्यासमोर. हे वाईट केलं, पण तेव्हा मला साक्षीदार हवे होते. तो उभाच होता. म्हणाला, "वैनी, मी नाय कोणाचं पत्र वाचलं. विश्वास नाय तर ही चावी ठेवा." चावी टेबलावर ठेवली. शटरपाशी जाऊन परत वळला आणि म्हणाला, "एक सांगतो. मशीन बरं हाय का ते त्याच मशीनला नका विचारू."

त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. रागाने बोलला असेल असं वाटलं.

मागच्या शुक्रवारी दोन बायका आल्या. एक बनुबाई, तिचा मुलगा मस्कतला ट्रक चालवतो, तिला इथल्या बातम्या लागत नाहीत. दुसरी फक्त बघायला आली होती, मी शटर कोणत्या तोंडाने उघडते ते.

हर्षद चावी ठेवून गेला त्याला आठवडा झाला. दिवा अजून लुकलुकतो.

सकिना


महाड
३ ऑक्टोबर २००४

मुदस्सर,

हर्षदचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. पुस्तकात शोधलं. एका प्रकरणात मिळालं, ते मी इद्दतीत कंटाळून ओलांडलं होतं. मशीनमध्ये शिरलेला माणूस आधी मशीनच्या आज्ञाच बदलतो. यादी दाखवणारा प्रोग्रॅम काढून तसाच दिसणारा, पण नेमकं तेवढं लपवणारा दुसरा ठेवतो. मग तुम्ही हजार वेळा विचारा, उत्तर एकच, सगळं ठीक.

गेल्या रविवारी एसटीने पोलादपूरला गेले. हर्षद घरात नव्हता. त्याची आई राहीबाई ओटीवर सुपारी कातरत होती.

"ये गो," म्हणाली, "पोराला चोर ठरवून झालं, आता काय त्याच्या आईला ठरवतेस?"

"माफी मागायला आले."

"माफी ही अशी दुपारची, कोन नसताना मागतात होय? त्याला तर म्हणं चार मानसांत बोललीस."

तिची सून अंकिता आतून पाणी घेऊन आली. तांब्या ठेवला आणि म्हणाली, "आत्या, पिऊ दे त्यांना. पाण्याला पासवर्ड नाय."

मी पाणी प्यायले. हर्षद येईपर्यंत दोन तास बसून राहिले. तो आला तेव्हा शेजारचे चौघे आपणहून जमलेले होते. त्यांच्यासमोर म्हटलं, माझी चूक झाली, माझ्याकडे पुरावा नव्हता आणि तू परका वाटलास, म्हणून. तो माझ्यासमोर ओटीवर बसला. मग म्हणाला, "डिस्क किती जीबीची हाय?"

आम्ही काय केलं ते तुला कळेल असं लिहिते. कोणत्याशा मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी हर्षदने लावली आणि मशीन तिच्यावरून चालू केलं, म्हणजे आपल्या डिस्कवरचं काहीही जागं न करता. आधी डिस्कची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल काढली. मूळ डिस्क मी कापडात बांधून कपाटात ठेवली. तपास नक्कलेवर. फक्त वाचायचं, लिहायचं नाही, हा नियम.

प्रत्येक फाइलचा एक बत्तीस अक्षरांचा ठसा काढता येतो. आत एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ठसा बदलतो. इन्स्टॉलच्या मूळ सीडीवरच्या फाइलींचे ठसे आणि आमच्या फाइलींचे ठसे आम्ही शेजारी शेजारी ठेवले. बाकी सगळे जुळले. तीन जुळले नाहीत. यादी दाखवणारा, चालू प्रोग्रॅम दाखवणारा आणि लाइनवर कोण आहे ते दाखवणारा. तू मला फोनवर ज्या तीन आज्ञा सांगितल्यास, त्या या.

प्रत्येक फाइलवर तीन वेळांची नोंद असते. शेवटची कधी वाचली, मजकूर कधी बदलला, आणि तिची नोंद कधी बदलली. पहिल्या दोन वाटेल तशा मागे नेता येतात. तिसरी मशीन आपली आपण लिहितं. या तिन्ही फाइलींच्या मजकुराची वेळ इन्स्टॉलच्या दिवसाची दाखवत होती. तिसरी वेळ मात्र २० डिसेंबर २००२, दुपारी एक वाजून अडतीस मिनिटं.

कॅलेंडर पाहिलं. शुक्रवार. बायकांची वेळ त्यानंतर जानेवारीत सुरू झाली, म्हणजे त्या दुपारी दुकान बंद असणार. हैदर मशिदीत. तू रजेवर आला होतास आणि अंगात ताप आहे म्हणून नमाजला न जाता दुकानात पडून राहिलास. मी तुझ्यासाठी पेज घेऊन आले होते.

त्या वेळी दुकानात आणखी कोणी आलं होतं का? आठवून कळव.

सकिना


महाड
२१ नोव्हेंबर २००४

मुदस्सर,

रमजानात हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. ईद होऊन आठवडा झाला.

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलं नाहीस. त्याऐवजी दोनदा फोन केलास. पहिल्यांदा म्हणालास, "भाभी, जुनं मशीन आहे, फॉरमॅट करून टाका, मी तिकडून नवीन पाठवतो." दुसऱ्यांदा विचारलंस, "फॉरमॅट केलं का?" तेवढ्यावर मला पुरावा मिळाला होता. तरी मी शेवटपर्यंत शोधलं, कारण एकदा मी फक्त वाटण्यावरून एका माणसाला दार दाखवलं होतं.

लिनक्समध्ये एका फोल्डरात मशीनच्या अवयवांची नावं असतात, डिस्क, कीबोर्ड, मोडेम. तिथे साधी फाइल असायचं कारण नाही. तिथे तीन टिंबांच्या नावाचं फोल्डर होतं. त्यात एक प्रोग्रॅम. मधल्या मशीनमधून जे जे जाईल ते उचलायचं, साठवायचं, आणि रोज संध्याकाळी एका ईमेल पत्त्यावर पाठवून द्यायचं. दिवा त्यासाठी लुकलुकत होता.

पत्ता तुमच्या जमातीचा. शारजातल्या आपल्या गावकऱ्यांच्या जमातीचा, जिचा तू सेक्रेटरी आहेस. तो ईमेलचा डबा तुमच्यातले तिघे उघडतात, हे तूच मागे कौतुकाने सांगितलं होतंस.

म्हणजे शुक्रवारी इकडे बायका शटरखालून वाकून आत यायच्या, ओढणी सारखी करून हळू आवाजात मला सांगायच्या, आणि पुढच्या शुक्रवारी तिकडे त्यांचे नवरे तुझ्या खोलीवर चहा प्यायला बसायचे, तेव्हा तू त्यांना घरची खबर द्यायचास. मुदस्सरला सगळं कळतं. मुदस्सर लांब राहून गावाची काळजी घेतो. किती मान मिळाला असेल.

मला हे लिहिताना बोटं धुवावीशी वाटतात.

आणि खबर तरी पुरी द्यायची. अमरीनने बहिणीला लिहिलं होतं, डी.एड.चा फॉर्म भरते आहे, चांगू मास्तर आणि त्यांची बायको गुरुवारी स्टँडवर फॉर्म घेऊन येणार आहेत. रिटायर झालेला म्हातारा, तिला चौथीत शिकवलेला. तू त्यातली बायको काढलीस, फॉर्म काढलास. स्टँड ठेवलंस आणि मास्तर ठेवलास. का? नुसता फॉर्म सांगितला असता तर सोहेल तुझ्याकडे पुन्हा आला नसता, म्हणून?

आता माझं सांगते. मी पण वाचलं. आधी शोधते आहे असं स्वतःला सांगत होते, आणि ते खरंही होतं. अमरीनचं पत्र पुरं वाचलं, ते तपासायला हवं होतं. मग त्याच्या खालचं वाचलं. त्याची काही गरज नव्हती. ते कोणाचं ते मी लिहिणार नाही. अर्ध्यावर थांबले, मशीन बंद केलं. तुझी किळस येते म्हणताना माझी मला आली. तेव्हापासून नावाशिवाय पुढे काही वाचलं नाही.

एका नावाचं सोडून.

१४ ऑक्टोबर २००३. मुंबईच्या हार्टच्या डॉक्टरचं हैदरला उत्तर. तीन नळ्या बंद आहेत, ऑपरेशन लांबवू नका. त्याखाली हैदरचं, "घरात अजून सांगितलं नाही. रमजान होऊ दे, मग बघू." त्याने मला सांगितलं नाही, हे त्याचं आणि माझं. त्याच्याशी मी रोज भांडते, ते कधी संपायचं नाही.

पण ते पत्र त्याच संध्याकाळी तुझ्याकडे आलं. तुझा भाऊ जानेवारीच्या नऊ तारखेला दुकानाच्या खुर्चीत गेला. जवळजवळ तीन महिने तुला ठाऊक होतं. एक फोन मला करायचा होतास. "भाभी, भाईजानला मुंबईला न्या." मी विचारलं असतं, तुला कसं कळलं. हा एक प्रश्न यायला नको म्हणून तू गप्प बसलास.

आणि दहा तारखेला फोनवर रडलास. म्हणालास, "भाभी, असं अचानक कसं झालं?"

मी तुझं सांत्वन केलं.

तू जमातीला आणि अमरीनच्या बापाला तुझ्या हाताने लिही, पत्र कोणी चोरलं ते. पंधरा दिवस देते. कारण माझ्याकडे पुरावा आहे, पण तो दाखवायचा म्हणजे एकेचाळीस बायकांची पत्रं पुन्हा पुरुषांच्या हातात द्यायची. ते मी करणार नाही, हे तुला माहीत आहे. यावर तू विसंबून आहेस, हेही मला माहीत आहे.

सकिना


महाड
२ जानेवारी २००५

मुदस्सर,

तुझं पत्र आलं. जमातीला नाही, अमरीनच्या बापाला नाही, मला आलं. चार पानं. परदेशात माणसं घाबरलेली असतात, घराची काळजी करतात, तू फक्त आधार दिलास. भाईजान स्वतःच सांगेल असं तुला वाटलं. मी तुझी माफी स्वीकारावी आणि घरातली गोष्ट घरात मिटवावी.

ते पत्र मी एकदा वाचलं. पुन्हा वाचायला हातात घ्यावंसं वाटत नाही.

पंधरा दिवस संपल्यावर मी अमरीनच्या पत्राचा एकच कागद छापला, पाकिटात बंद केला आणि नाते गावी तिच्या माहेरी गेले. ती बाहेर यायला तयार नव्हती. आईच्या मागून म्हणाली, "भाभी, आता काय राहिलंय ऐकायचं?" मी पाकीट तिच्या हातात दिलं. कोणी घेतलं, कसं घेतलं, ते सांगितलं. "हे तुझं आहे. जाळ, फाड, दाखव. मी नक्कलसुद्धा ठेवलेली नाही असं खोटं सांगणार नाही, कपाटात डिस्क आहे. पण तुझ्या हुकमाशिवाय तुझं त्यातलं काही उघडणार नाही."

तिने वाचलं. मग म्हणाली, "यात गोळ्यांचं आहे."

"आहे."

"ते बाबांना कळेल."

"म्हणून तुला विचारायला आले."

चार दिवसांनी तिने निरोप पाठवला, सासरी जमातीची बैठक बसवा.

सोहेलच्या घरी बसली. इथल्या जमातीचे प्रमुख हाजीसाहेब आणि आणखी दोघे, अमरीनचा बाप, सासू, पडद्याआड बायका. हाजीसाहेब म्हणाले, "सकिना, तुझ्यावर आळ आहे, तू वाच." मी म्हटलं, "पत्र माझं नाही." तेवढ्यात अमरीन पडद्याबाहेर आली आणि तिने स्वतः वाचलं. फॉर्म, स्टँड, मास्तर, मास्तरांची बायको. तिथे थांबता आलं असतं. ती थांबली नाही. दुसरं मूल इतक्यात नको, गोळ्या तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवते, तेही वाचलं. खाली न बघता.

तिने कागदाची घडी घातली. मग सासू म्हणाली, "त्याच डब्यातला भात मला रोज वाढत होतीस?"

पडद्यामागे कोणीतरी हसली. एक हसली, मग दुसरी. हाजीसाहेबांनी दाढीवर हात फिरवून छताकडे पाहिलं. अमरीनचा बाप रडत होता, पण लाजेने नसावा, कारण त्याने उठून मुलीचा हात धरला.

सोहेलला तिथून फोन लावला. हाजीसाहेबांनी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" तो आईची खुशाली विचारू लागला. मी पुढे होऊन तुमच्या जमातीचा ईमेल पत्ता मोठ्याने वाचला. तेव्हा त्याने तुझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

अलीशबा त्याच संध्याकाळी आईबरोबर नाते गावी गेली. सोहेल मार्चमध्ये येईल, तेव्हा पुढचं ठरेल. नीट ठरेलच असं मी म्हणत नाही. डी.एड.चा फॉर्म यंदाचा गेला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी बायकांना सगळं सांगितलं. निरोप एकेचाळीस जणींना होता, आल्या तीस. अकरा जणी आल्या नाहीत, कदाचित कधी येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. आलेल्यांना मी जिची तिची पानं छापून दिली, एकीची दुसरीला दिसू न देता. काहींनी तिथेच फाडली. बनुबाईला वाचता येत नाही. म्हणाली, "तू वाच गो. त्या मेल्यानं ऐकलं, आता मी ऐकतंय." मी तिला मागच्या खोलीत नेऊन वाचून दाखवलं. मुलाला लिहिलं होतं, गुडघा बरा आहे. बरा नव्हता.

हर्षदने मशीन कोरं करून नव्याने बसवलं आहे. त्या तीन आज्ञांचे ठसे आता दर सोमवारी मीच सीडीवरून ताडून पाहते.

तू माफीचं लिहिलंस. ती माझ्याकडे नाही. हैदरच्या बाबतीतली तर कोणाकडेच नाही, आणि त्याचं मी तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. या घरी तू येऊ नकोस. हे घर त्याचं होतं. बाकीची माफी त्या बायकांकडे आहे. त्यांना मी तुझा शारजातला पत्ता दिला, खोली नंबरसकट. बऱ्याच जणींनी लिहून घेतला. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी लिहून देते आहे, त्या सांगतील तसं, एक शब्द न बदलता. पाच पत्रं काल पेटीत टाकली.

ती तुझ्या नावावर आहेत. उघडून वाच.

सकिना